खुनी तिला आधीच ठाऊक असायचा

मला आणि बायकोला काळ्या-पांढऱ्या खुनाच्या पिक्चरचं लय वेड. ओला रस्ता, भिंतीवर टोपीची सावली, सिगारेटचा धूर, आणि गोड बोलून हिरोला फसवणारी बाई. तेव्हा माझ्या सातपूरच्या कारखान्याला सुट्टी असली की आम्ही देवळाली कॅम्पच्या टॉकीजला जायचो. मध्यंतरात मी खुनी कोण ते सांगायचो, ती दुसराच सांगायची. दर वेळी तीच बरोबर निघायची.

"तुम्हाला माणसं कळत नाय," म्हणायची.

मी ते खरं धरलं. पुढं तिनं "हा माणूस सरळ नाय" म्हटलं म्हणून जिवाभावाचा दोस्त तोडला. तो नंतर मेला, तरी मी मातीला गेलो नाही.

यंदा ती गेली. दहाव्याला गोदाकाठी पिंड ठेवला, पण कावळा शिवेना. पोरीनं "आईच्या मागं मी बाबांना बघीन" असं वचन दिलं, तरी नाही. शेवटी शेजारची म्हातारी हात जोडून पुढं झाली.

"बाई, आपण दुपारच्या खेळाला जाऊन पिक्चर आधीच बघून यायचो, ते मी यांना कधीच सांगणार नाय. जा सुखानं."

कावळा झटकन आला आणि शिवला.

"आजी, आता सांगायचं राहिलं काय?" मागून कोणीतरी म्हणालं. सगळे हसले.

मला हसू आलं नाही. पिक्चरमधल्या हिरोला शेवटी त्या फसवणाऱ्या बाईला समोर उभं करून विचारता तरी येतं. मी उष्ट्या पिंडालाच विचारलं, "पिक्चरचं सोड. माझ्या दोस्ताचं तुला काय ठाऊक होतं गं?"