पंचाच्या खुर्चीवरची गौर

"बाई, ताई गेल्या की हो…" क्लबचा माळी अंबादास दारात एवढंच म्हणाला आणि पायरीवर बसला. मीही तिथंच, उंबऱ्यात बसले. गोदू, माझी लहानपणापासूनची मैत्रीण, पुण्या-मुंबईहून टेनिसचे करंडक सोलापुरात आणणारी, चार दिवसांच्या तापानं गेली. त्याला आता काही आठवडे झाले. रडून झालंय. उरलाय तो नुसता थकवा, आणि थोडा राग. राग कशाचा, ते सांगतेच.

नऊवारीचा कासोटा घट्ट खोचून ती खेळायची. चाळिशी उलटली, गुडघे कुरकुरायला लागले, तरी विशीतल्या मडमांना दमवायची. मुलींच्या शाळेत खेळाचा तास हवा म्हणून पालकांशी भांडायची ते वेगळंच. जिंकून आली की स्टेशनवर हार घेऊन गावातले झाडून सगळे पुरुष हजर! आणि याच गावात तिला खेळायला वेळ कुठली? तर भर दुपारची. सोलापूरचं ऊन, त्यात कोर्टाभोवती कनात बांधलेली, आत वाऱ्याची झुळूक नाही. संध्याकाळ पुरुषांची. बायका उघड्यावर पळताना दिसल्या तर म्हणे गावाची अब्रू जाते. "मुंबईत एवढी माणसं बघतात, तेव्हा नाही का जात?" गोदू विचारायची. 

मग एका चैत्रात तिनं क्लबकडे हळदीकुंकवासाठी कोर्ट मागितलं. हळदीकुंकवाला नाही कोण म्हणणार! आम्ही कनात सोडून काढली, आणि पंचाच्या त्या उंच खुर्चीवर तिनं आपली पितळी गौर बसवली. कैरीची डाळ, पन्हं, भिजवलेले हरभरे… बायका ओटी भरून घेत होत्या आणि गोदू एकेकीच्या हातात रॅकेट देत होती. पाच वाजता पांढऱ्या विजारी घालून मंडळी आली ती फाटकातच थबकली. क्लबचे सेक्रेटरी वकीलसाहेब म्हणाले, "ताई, हे आवरणार कधी?"

"गौर महिनाभर माहेरी राहते. तुम्हाला घाई असेल तर उठवा बघू तिला."

कुणाची छाती होती! अंबादास झाडामागे तोंड दाबून हसत होता. महिनाभर रोज संध्याकाळी बायका आल्या, खेळल्या. अब्रू होती तिथंच राहिली. गौर उठली तेव्हा शुक्रवारची संध्याकाळ आमची झाली, कनातीशिवाय.

परवा क्लबात शोकसभा झाली. फार छान बोलले सगळे. तिच्या नावानं करंडकही ठेवणार आहेत. मग चहा पिता पिता वकीलसाहेब मला हळूच म्हणाले, "ताई होत्या तोवर ठीक होतं. आता बायकांना पूर्वीची दुपारच बरी, नाही का?" मी कप ठेवला आणि घरी आले. खरं सांगते, भांडायला अंगात त्राणच नव्हतं. अशा वेळी बोलायला ती होती ना… मला कधी सवयच लागली नाही.

तिची गौर तिच्या सुनेनं माझ्याकडे आणून दिलीय. पण चैत्र लांब आहे. अवेळी कशी मांडायची? शुक्रवारी रिकाम्या हातानंच कोर्टावर गेले. अंबादास मान खाली घालून कनातीचे खांब रोवत होता. "वरचा हुकूम हाय बाई. मी काय करू?" म्हणाला. ती उंच खुर्ची मोकळीच होती. माझे गुडघे तर गोदूहून वाईट. दांडी धरून, धापा टाकत कशीबशी चढले आणि बसले.

पाच वाजले. पांढऱ्या विजारी फाटकातून आत आल्या.

"अहो बाई, हे काय?" वकीलसाहेब खालून म्हणाले.

मी पदर सावरला. "उठवा बघू."