वाचून दाखवल्याशिवाय अंगठा नाही

आमगावची स्नेहल दहावीत असल्यापासून अख्ख्या गल्लीचे अर्ज लिहायची. शेजारीण दारात बसून सांगायची, "माह्या नावाचा कागद कायले अडवून ठेवला, विचार त्यायले." स्नेहलच्या हातून उतरायचं, 'विनंती अर्ज सादर करण्यात येतो की...' तहसीलात तीच भाषा चालते, त्याला ती बिचारी काय करणार! पण तिच्या आईचा, सुमनबाईंचा, एक नियम कडक होता. लिहिलेला अर्ज सांगणाऱ्याला त्याच्याच बोलीत वाचून दाखवायचा. तो 'हो' म्हणाला, तरच अंगठा.

पुढं ती कंप्युटर शिकली आणि २०१२ साली तिच्या हाती कॉफीस्क्रिप्ट ही प्रोग्राम लिहायची नवी भाषा लागली. बाई अशी खूश झाली की विचारू नका. ब्राउझरला कळते ती जावास्क्रिप्ट, कंसांनी गच्च भरलेली. ही नवी भाषा मात्र मोकळीढाकळी. आपण सुटसुटीत लिहायचं, तीच त्याची जावास्क्रिप्ट करून देते. लोक म्हणत, "शेवटी जुनीच निघते, तर नवी कायले?" स्नेहलला हसू यायचं. तहसीलात सरकारी मराठी लागते म्हणून कोणी घरात 'भात वाढण्यात यावा' असं म्हणते का?

तिनं त्या भाषेत धान खरेदी केंद्राचा प्रोग्राम केला. आलेल्या गाड्यांना वजनकाट्यावरचा नंबर लावून द्यायचा, एवढंच काम. केंद्रावरच्या टेकचंदला तिनं निघालेली जावास्क्रिप्टची फाईल दिली आणि मोकळी झाली. टेकचंद पन्नाशीचा, पुस्तकावरून जावास्क्रिप्ट शिकलेला, त्याला तेवढी पुरे होती.

डिसेंबरातल्या एका सकाळी बोंब झाली. सालेकसाकडून उजाडायच्या आत बैलबंडी घेऊन आलेल्या आसारामच्या आधी रात्रीच येऊन थांबलेले सहा ट्रॅक्टर लागले. त्या केंद्रावर पिढीजात रीत होती, बंडी आधी, ट्रॅक्टर मागून. बैल जुंपलेले उभे राहतात, ट्रॅक्टरला काय तहान लागते? केंद्राचे अध्यक्ष श्यामलाल स्नेहलला बोलावून म्हणाले, "तुझी ही नवी भाषा काढ. नाही तर उद्यापासून कागदावर नंबर."

स्नेहलनं मूळ फाईल उघडली. बंडीचं नावच नव्हतं.

"मी टाकलं होतं जी," टेकचंद खालच्या आवाजात म्हणाला. "दिवाळीनंतर. तू देल्लेल्या फायलीत, अकरा ओळी."

काल स्नेहलनं मूळ फाईलीत बारीकसा बदल करून नवी जावास्क्रिप्ट काढली होती, आणि ती टेकचंदच्या फाईलीच्या जागी बसली. अकरा ओळी गेल्या. स्नेहलचा पारा चढला. यंत्रानं काढलेल्या फाईलीत कोणी हात घालते का? पण तोंड उघडायच्या आत तिला आईचा नियम आठवला, आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं. गल्लीत एकही अर्ज तिनं न वाचता दिला नव्हता. इथं मूळ फाईल कोणाला दाखवलीसुद्धा नव्हती.

"चूक माझी आहे," ती सगळ्यांसमोर म्हणाली. "भाषेची नाही. अर्धा तास द्या."

तिनं आसारामला कंप्युटरसमोर बसवलं, दोन ओळी लिहिल्या आणि त्याच्या बोलीत वाचल्या. "बंडी आली का पयले तिचा काटा. दोन बंड्या असल्या तर आधी आली ते आधी. मंग ट्रॅक्टर."

आसारामनं विचार केला. "अन् बैल सोडून झाडाखाली बांधले असन तर? मंग कायची घाई? तो बंडीवाला राहू शकते मांगं."

टेकचंद म्हणाला, "हे तर मलेही नव्हतं सुचलं."

स्नेहलनं तिसरी ओळ घातली. पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

"आता हो," आसाराम म्हणाला, आणि सवयीनं डावा अंगठा पुढं केला.

स्नेहल हसली नाही. तिनं तो अंगठा हलकेच धरून एंटरच्या बटणावर ठेवला. आसारामनं दाबला. कंसांनी भरलेली जावास्क्रिप्ट सरसर निघाली, आणि पडद्यावर पहिला नंबर लागला, आसाराम, बंडी.

श्यामलाल बंडी काट्यावर घ्यायला निघाले. टेकचंदनं खुर्ची जवळ ओढली.

"मले आता मूळ फाईलच दे," तो म्हणाला. "अन् वाचायले शिकव."