राग जिंकलेला माणूस

छातीवर दोन बोटं टेकवून ते म्हणायचे, “कुरुक्षेत्र इथं आहे. बाहेर शोधू नका.”

बिबवेवाडीतल्या आमच्या सोसायटीत दर गुरुवारी संध्याकाळी त्यांच्या घरी पोथी असे. पिंपरीच्या कारखान्यातून स्वेच्छानिवृत्ती घेतलेले हे काका. पोथीतला एकही माणूस त्यांच्या लेखी माणूस नव्हता. रथ म्हणजे शरीर, घोडे म्हणजे इंद्रियं आणि कौरव म्हणजे आपलेच विकार.

तुमच्याही ओळखीत असा कुणी असेल. फरक एवढाच, की काका जे सांगत ते स्वतः करत. एके काळी त्यांचा आवाज चढला की अख्खं खातं चिडीचूप व्हायचं, असं काकूच सांगायच्या. आता कुणी त्यांच्या जागेत स्कूटर लावली, तर ते डोळे मिटून पुटपुटत, “स्कूटर त्याची, राग माझा.” मग स्वतःच ती ढकलत बाजूला नेत. आम्ही हसायचो, पण मनातून त्यांना मानायचो.

दुसऱ्या मजल्यावरच्या ताई कधी पोथी चुकवत नसत. त्यांचं माहेर हिंजवडीच्या बाजूचं. तिकडं कंपन्या आल्या, जमिनीला सोन्याचा भाव आला आणि भावांना बहिणीची आठवण झाली. हक्कसोडपत्रावर सही करायची, साडी घ्यायची आणि जेवून परत यायचं, ही आपल्याकडची रीत. ताईंच्या यजमानांची नोकरी तेव्हा डळमळत होती. एका गुरुवारी ताईंनी सगळ्यांसमोर विचारलं, “काका, काय करू? वाटा मागू का?”

“लोभ हाही कौरवच, ताई,” काका म्हणाले. “आधी त्याला जिंका.”

आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. त्यात माझीही होती, आणि ते मला अजून टोचतं. ताईंनी सही केली.

वर्षभरात यजमानांची नोकरी गेली. फ्लॅट विकून ते कात्रजच्या पुढे एका खोलीत राहायला गेले. ताई मदतीसाठी भावांकडे गेल्या, तर कुणी साधं पाणीही विचारलं नाही. हे कळलं त्या दिवसापासून काकांनी पोथी बंद केली ती कायमची.

“रणात उभं राहून ‘लढ’ म्हणून सांगितलेली पोथी,” ते मला म्हणाले, “आणि ती वाचून मी त्या बाईला हत्यार टाकायला लावलं.”

एका रविवारी मला सोबत घेऊन ते त्या भावांच्या नव्या बंगल्यावर गेले. चांगलं खडसावायचं, असं ठरवूनच निघाले होते. थोरला भाऊ लगबगीनं पुढं आला आणि त्यांच्या पाया पडला.

“काका, तुमच्यामुळं ताईला समज आली बघा. लई उपकार हायेत तुमचे!”

आणि त्यानं त्यांच्या हातात पेढ्यांचा पुडा ठेवला. काकांनी बोलायला तोंड उघडलं. “बरं आहे,” एवढंच म्हणाले आणि वळले.

परतीच्या बसमध्ये पुडा त्यांच्या मांडीवर तसाच होता. स्वारगेट आलं, सगळे उतरले, तरी ते उठेनात. मी हाक मारली तेव्हा माझ्याकडे न बघता म्हणाले, “इतकी वर्षं राग मारत बसलो रे. आज हवा होता, तर उरलाच नव्हता.”