वहिनींच्या अंगणातला बोअर

"इकडं ये, अशी जवळ बस. वेशीवर उभी असल्यासारखी काय ओरडतीस?"

शेजारच्या वहिनींकडं गेलं की आधी एवढं ऐकून घ्यावं लागायचं. आपण फाटकातून नुसतं 'वहिनी' म्हटलेलं असायचं, पण त्यांना तेवढा आवाजही सोसायचा नाही.

तुमच्या गल्लीतही असं एखादं माणूस असेल बघा. लोक त्याला नखरेल म्हणतात. मीही म्हणायचे. शिट्टी व्हायच्या आत वहिनी कुकर उतरवायच्या, म्हणून त्यांची डाळ कायम कचवट. वाती वळायला बसल्या की निम्म्या देवाला, निम्म्या कानात. एकदा मी हसले तर म्हणाल्या, "मला आवाज कानात नाही गं येत, दातात येतो." मग नाही हसले.

आमच्या हर्सूलकडं तेव्हा जिकडंतिकडं बांधकामं. दिवसभर फरशी कापायची मशिनं, खडीचे ट्रक. वहिनी कुणाशी भांडल्या नाहीत. लोकांना घरं लागतात, म्हणायच्या, आणि खिडकीला गोधडी टांगायच्या.

मग दुष्काळ पडला. टँकर आठ-आठ दिवस येईना. गल्लीनं बोअर घ्यायचं ठरवलं. कन्नडहून पाणी बघणारे एक बाबा आले. तळहातावर आडवा नारळ धरून गल्लीभर फिरले, नारळ कुठंच उठेना. उठला तो वहिनींच्या अंगणात, त्यांच्या निजायच्या खोलीच्या खिडकीखाली. सगळ्या बायांनी विचारायला मला पुढं केलं.

मी काही विचारायच्या आत वहिनीच म्हणाल्या, "घ्या इथं. लेकरं तहानेनं रडली, तर तोही आवाजच की."

बोअर पाडायचं मशीन चाललं ते दोन दिवस त्या देवगाव रंगारीला भावाकडं जाऊन राहिल्या. पाणी लागलं, पण करंगळीएवढं. एवढ्याशा पाण्यावर पाण्यातली मोटार जळते, म्हणून वर, खिडकीखालीच, हवेनं पाणी उपसणारा कंप्रेसर बसवला. त्याची धडधड अशी, की मांडणीवरची भांडी हलायची. सकाळी दोन तास, संध्याकाळी दोन तास. आम्ही अंगणात घागरी भरायचो आणि वहिनी आत ओटा घट्ट धरून उभ्या. बंद करा, असं त्या एकदाही म्हणाल्या नाहीत. खरं सांगते, आम्हीही विचारलं नाही. पाणी हवं होतं ना.

तो उन्हाळा त्यांनी काढला. मग भावाकडं चार दिवस जाते म्हणून निघाल्या. आमचं पाणी अडू नये म्हणून घराच्या किल्लीसकट फाटकाची किल्ली माझ्या हातात दिली. त्या चार दिवसांची तीन वर्षं झाली.

यंदा पाऊस बरा झाला. बोअरचं पाणी वाढलं. गेल्या आठवड्यात गल्लीनं तो कंप्रेसर काढून मोटार पाण्यात सोडली. मी वहिनींच्या खोलीत जाऊन उभी राहिले. मोटार चालू आहे का बंद, तेही कळेना.

लगेच देवगावला फोन लावला. सगळं सांगितलं. म्हटलं, वहिनी, खोली झाडून ठेवलीय. राहायचं नसलं तर राहू नका, नुसतं बघून जा. पण या, लवकर या.