अकरा चौकोन

दादा गेला त्याच्या पाच दिवस आधी मी त्याच्याशी खोटं बोलले.

तो नाशिक रोडच्या एका कॉलेजात गणित शिकवायचा, मी शाळेत. तीन डिफरन्शियल इक्वेशन्सची एक जुळणी त्याने बरीच वर्षं धरून ठेवली होती. सुरुवात केसभर बदलली की पडद्यावरची रेषा काही वेळाने भलतीकडेच जायची. यालाच केऑस म्हणतात, आणि तो इथे आहे हे कुणालाही दिसलं असतं. दादा म्हणायचा, "चित्र म्हणजे सिद्धता नव्हे. कॉम्प्युटर प्रत्येक आकडा थोडा छाटतो. इथे बिघडायला तेवढंही पुरतं."

म्हणून एका आकड्याऐवजी दोन टोकं धरायची. खालचं टोक छाटताना खालीच सरकवायचं, वरचं वर. खरं उत्तर त्यांच्या मधे राहिलंच पाहिजे. मग एका प्रतलाचे बारीक चौकोन पाडायचे, आणि समीकरणांबरोबर वाहताना प्रत्येक चौकोन हवा तसा ताणला जातो का, हे यंत्राकडून तपासायचं. एकही अडला तर सिद्धता नाही.

प्रोग्राम मी लिहिला, शाळा सुटल्यावर, दोन वर्षं. सगळे चौकोन बसले तेव्हा दादा म्हणाला, "मास्तरीणबाई, आता लेखावर तुमच्या आधी माझं नाव लावायची लाज वाटेल." लावलं मात्र आधीच. लेख छापून आला.

पुढच्या वर्षी त्याच्या फुप्फुसात कॅन्सर निघाला. नाशिकच्याच द्वारका चौकाजवळच्या हॉस्पिटलात त्याच्या उशाशी बसून मी जुना प्रोग्राम चाळत होते. वेळ जात नव्हता म्हणून. एका ठिकाणी खालचं टोक खाली न सरकता जवळच्या आकड्याला चिकटत होतं. कधी कधी वरच जात होतं. ओळ माझीच होती.

"काय गं, तोंड का असं? चौकोन पळाले की काय?"

"नाही."

"बसलेत ना सगळे?"

"बसलेत."

"मग झालं. तेवढं एक तरी पक्कं केलं आपण." सलाईन बदलायला आलेल्या नर्सला तो म्हणाला, "सिस्टर, ही माझी बहीण. फार हुशार. फक्त तिला त्या बाटलीला हात लावू देऊ नका, छिद्र शोधत बसेल."

मी हसले. त्या संध्याकाळी घरी ओळ सुधारून प्रोग्राम पुन्हा लावला. सगळं बसेल, मग हसत सांगू, असं ठरवलं होतं. त्याला जेवढे दिवस मिळाले, त्याहून जास्त दिवस यंत्राला लागले.

दहाव्यानंतर पाहिलं, तर अकरा चौकोन अडले होते. ते आणखी बारीक केले, तरी अडलेच. याचा अर्थ केऑस नाही असा होत नाही. आपण तो सिद्ध केलेला नाही, एवढाच होतो. हा फरक दादानेच मला शिकवला होता.

लेख मागे घ्यायचं मी संपादकांना कळवलं. त्यांनी फॉर्म पाठवला. चूक कधी सापडली? तारीख लिहिली. सहलेखकाला कधी कळवली? 'कळवली नाही. ते आता हयात नाहीत.' खाली कारणासाठी जागा होती. तिथे मी लिहिलं की ते फार आजारी होते. मग ते खोडलं. शेवटच्या दिवसापर्यंत त्याला गणित नीट कळत होतं.