छतावरचं नवं झाकण

आमच्या फिरत्या दवाखान्याची गाडी मुळात दवाखान्यासाठी बांधलेली नव्हती. पुण्याकडच्या एका हौशी गृहस्थाने देशभर हिंडायचं आणि गाडीतच राहायचं म्हणून ती करून घेतली होती. आत ओटा, नळ, झोपायला फळी, मागे जनरेटर आणि छतावर एसी. ते वारल्यावर मुलांनी ती आमच्या संस्थेला देऊन टाकली. ओट्यावर आम्ही औजारं उकळत असू आणि फळीवर बायका तपासत असू. हिंगोली नुकताच जिल्हा झाला होता तेव्हाची ही गोष्ट. गाडीवर आम्ही तिघं. डॉक्टरबाई, नर्स म्हणून मी आणि ड्रायव्हर. सात वर्षं एकाच डब्यातलं खाल्लं. ड्रायव्हर मला अक्का म्हणायचा आणि दर भाऊबिजेला घरी यायचा.

एसीवरून लोक आम्हाला टोमणे मारत. "गारव्यात बसून गरिबांची सेवा!" पण एसी आमच्यासाठी नव्हता. तो होता म्हणून खिडक्यांच्या काचा बंद ठेवता येत होत्या, आणि काचा बंद असल्या तरच तांड्यावरच्या बायका फळीवर पडत. पडदा त्यांना चालत नसे, कारण वाऱ्याने पडदा उडतो आणि समोर लिंबाखाली पुरुष बसलेले असतात.

एका चैत्रात तो एसी बंद पडला. हिंगोलीच्या मेकॅनिकने वर चढून पाहिलं आणि सांगितलं, "गॅस भरला तर पंधरा दिवस चालेल. पुढं न्हाई. मशीनच बदला." दुपारी त्या पत्र्याच्या डब्यात काचा लावून दहा मिनिटं बसलं तरी डोळ्यांपुढे अंधारी यायची. मग काचा उघडायच्या. काचा उघडल्या की बायका नुसतं डोकं दुखतं म्हणून सांगायच्या, गोळ्या घ्यायच्या आणि जायच्या.

साखऱ्याच्या पुढे एक तांडा आहे. तिथली एक बाई, वय चाळिशीच्या आसपास, मला गाडीमागे घेऊन गेली. चौथ्या बाळंतपणापासून तिचं अंग बाहेर येत होतं. नऊ वर्षं. बसताना, उठताना, डोक्यावर घागर घेताना. आता त्याला जखम झाली होती आणि वास येत होता. नवऱ्यालाही तिने धड सांगितलं नव्हतं.

"आत चल, डॉक्टरबाई बघतील," मी म्हटलं.

तिने खिडकीकडे पाहिलं. "काच लागंन का?"

"आज नाही. मशीन बिघडलंय."

"मंग मशीन आलं का येते. पर काच उघडायची न्हाई. मी कापड वर केल्यावर न्हाई. तू सांग."

"नाही उघडणार. मी सांगते ना."

"तू सांगितलं म्हणून येते मी," ती म्हणाली. मी मान डोलावली. त्या वेळी ते अवघड वाटलं नाही.

नवा एसी मागवायला मी संस्थेच्या मागे लागले. महिन्याभरात पुण्याहून ट्रान्सपोर्टने भला मोठा खोका आला. तो मी स्वतः उतरवून घेतला. बसवायला ड्रायव्हर गाडी नांदेडला नेणार होता, तिथल्या गॅरेजवाल्याशी त्याची ओळख होती. मीही जाणार होते.

"काहून तकलीफ घेता अक्का? उन्हाचं दोनशे किलोमीटर जानं-येनं. मी हाय ना."

मी घरी राहिले आणि साठलेलं धुणं धुतलं. संध्याकाळी गाडी आली तेव्हा छतावर पांढरं शुभ्र झाकण होतं, त्यावर कंपनीचं चकचकीत लेबल. आत छताला नवी जाळी. बटण दाबलं तर गार वारा आला. बसवून मिळाल्याच्या कागदावर मी सही केली. वर चढून पाहिलं नाही. मागे शिडी होती, मला चढता येत होतं, तरी पाहिलं नाही.

चार दिवसांनी डॉक्टरबाईंच्या मुलीचं परभणीला लग्न होतं. हिंगोलीहून पाहुण्यांना न्यायला ड्रायव्हरच्या मेहुण्याची मिनीबस ठरली होती. दिवस वैशाखाचे, आणि बसमध्ये शिरलो तर काय गारवा! मागे लोखंडी कॅरिअरवर जनरेटर धडधडत होता. मी मधल्या सीटवर, अगदी एसीखाली बसले. गळ्याभोवती पदर घेतला.

"अहो, तुमच्या मेहुण्याने कधी बसवला हा? आपल्या नव्यापेक्षा चांगला आहे," मी ड्रायव्हरला म्हटलं.

"हे बघा, अक्काला पटला!" तो डॉक्टरबाईंकडे वळून हसला.

डॉक्टरबाईही हसल्या. "तिला पटलं म्हणजे झालं. ती कुणाला पास करत नाही."

मीही हसले. लग्न चांगलं झालं.

पुढच्या आठवड्यात तांड्यावर गेलो. ती बाई सगळ्यात आधी येऊन उभी होती, धुतलेलं लुगडं नेसून. मी काचा लावल्या. कड्या घातल्या. तिने एक काच हाताने ओढून पाहिली आणि मग फळीवर पडली.

एसी घरघरत होता, पण हवा नुसती फिरत होती, गार होत नव्हती. पाच मिनिटांत डॉक्टरबाईंच्या चष्म्यावर वाफ धरली. घाम हनुवटीवरून हातमोज्यांवर पडायला लागला. जखम जुनी होती, बघायला वेळ लागणार होता. मी औजारं घ्यायला ओट्याकडे वळले, आणि मागे काच सरकल्याचा आवाज झाला.

"दोन मिनिटं गं, जीव चाललाय माझा," डॉक्टरबाई म्हणाल्या.

लिंबाखाली सहा-सात जण बसले होते. त्यांनी मुद्दाम पाहिलं असं मी म्हणणार नाही. आवाज झाला म्हणून त्यांनी माना वर केल्या, एवढंच. ती बाई उठली. लुगडं दोन्ही हातांनी धरून ती पायऱ्या उतरली. उतरताना माझ्याकडे पाहून म्हणाली, "तू सांगितलं व्हतं." 

त्या दुपारी ड्रायव्हर डिझेल आणायला तांड्यावरच्या एकाच्या मोटारसायकलवर सेनगावला गेला. बारा दिवसांचं नवं मशीन हवा गार का करत नाही, हे मला बघायचं होतं. जाळीत धूळ अडकली असेल असं वाटलं. बादलीत पाणी घेतलं, त्यात मूठभर कपड्याचा सोडा कालवला, स्क्रूड्रायव्हर कमरेला खोचला आणि शिडीने वर गेले. पत्रा इतका तापला होता की चपला चिकटत होत्या. झाकणाचे स्क्रू काढले, झाकण बाजूला ठेवलं आणि आतल्या बारीक पात्यांवर पाणी ओतलं.

पाणी लाल झालं. नुसती झाक नव्हती, चांगलं लालभडक. छतावरून ओघळ निघाले आणि समोरच्या काचेवर उतरले.

खालून डॉक्टरबाई ओरडल्या, "अगं, रक्त कसलं ते? कापलं का?"

रक्त नव्हतंच. ते काय होतं हे आमच्या भागात पोरीसोरींनाही कळतं. हळदीचा डाग पडलेली साडी साबणाच्या पाण्यात घातली की डाग लाल होतो. आमची गाडी दर फाल्गुनात हळद शिजवायच्या आणि पॉलिश करायच्या जागांशेजारी उभी असे, कारण मजूर बायका तिथेच असत. पॉलिशच्या ड्रममधून पिवळी धूळ उडते आणि मिळेल त्या फटीत जाऊन बसते. नवं मशीन आल्यापासून मात्र गाडी हळदीच्या एकाही जागी गेली नव्हती. हंगामच संपला होता. आणि हा थर बारा दिवसांचा नव्हता. नखाने खरवडला तर चिकटलेल्या वड्या निघत होत्या.

झाकण नवं होतं, जाळी नवी होती. मशीन आमचं जुनंच होतं, गॅस भरलेलं. पंधरा दिवसांतले बारा संपले होते. नवं कुठे आहे हे शोधायला मला फार डोकं लागलं नाही. त्याखाली बसून मी गळ्याभोवती पदर घेतला होता.

ड्रायव्हर आला तेव्हा मी लाल ओघळ पुसले नव्हते. त्याने ते पाहिले आणि डिझेलचा कॅन खाली ठेवला.

"मेहुण्याच्या बसवर आहे ना?" मी विचारलं.

तो कबूल करायला अजिबात अडखळला नाही. "लगनसराई होती अक्का. गार बस म्हटलं का लोक बुक करून राहिले. लगनसराई सरली का परत लावनारच होतो, शपथ. आपली गाडी अशी बी अर्धा दिवस हुबीच ऱ्हाते."

"आणि मला त्यात बसवून आणलं."

"तुमाला गार लागलं ना? मंग?" मग माझं तोंड पाहून म्हणाला, "माझ्या एकट्यावर काहून येता? बाईंना इचारा. त्यांना इचारूनच लावला. त्यांच्याच पाव्हन्यांसाठी गार बस पायजे व्हती."

मी डॉक्टरबाईंकडे वळले. त्या हात धूत होत्या. नळ बंद करून त्यांनी हात नीट पुसले, बोटाबोटातून.

"महिन्याभराचा तर प्रश्न होता," त्या म्हणाल्या. "आणि त्याला दुखवून चालत नाही. या रस्त्यांवर गाडी घालणारा दुसरा ड्रायव्हर आण बघू."

"तुम्ही काच उघडलीत."

"उकडत होतं गं."

"का उकडतंय ते तुम्हाला माहीत होतं. मला नव्हतं. मी त्या बाईला शब्द दिला होता."

"तू फार मनाला लावून घेतेस. हिवाळ्यात येतील सगळ्या."

सात वर्षांत त्यांच्या हातून एकही बाळंतीण दगावली नव्हती. हेही लिहायला हवं, नाहीतर वाचणाऱ्याचा गैरसमज होईल. वाईट डॉक्टरने फसवलं असतं तर मी विसरून गेले असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ड्रायव्हरला घेऊन हिंगोलीला त्याच्या मेहुण्याच्या दारात गेले. मेहुणा म्हणाला, "उद्या वऱ्हाड हाय, परवा न्या."

मी म्हटलं, "पाना द्या."

मशीन बदलणं तसं सोपं असतं. आतून चार लांब बोल्ट काढायचे, वरून दोघांनी उचलायचं, खालची दबलेली रबरी गादी खरवडून काढायची, नवी बसवायची, चौकोनी भोकावर मशीन बरोबर बेतायचं आणि बोल्ट थोडे थोडे, आळीपाळीने आवळायचे. एकच बोल्ट आधी गच्च केला तर गादी एका बाजूला दबते आणि पावसात गळतं. चारही बोल्ट मी स्वतः आवळले. वरून ड्रायव्हर दोनदा म्हणाला, "बस की अक्का." मी पुरतं होईपर्यंत थांबले नाही. संध्याकाळपर्यंत गाडी इतकी गार झाली की ओट्यावरचं स्टीलचं ताट हाताला थंड लागलं.

पुढच्या फेरीला तांड्यावर ती आली नाही. मी तिच्या घरी गेले. ती दारात बाजरी निवडत होती.

"मशीन नवं लावलंय," मी सांगितलं. "मी स्वतः लावलंय."

"आता गार झालं असंन," ती म्हणाली. सुपातून वर पाहिलं नाही. "मंग बसा तुमीच त्याच्यात."

ते मशीन माझ्या नकळत लग्नाच्या बसवर चढवलं होतं, हे तिला सांगून उपयोग नव्हता. तिच्या हिशेबी काच मीच उघडली होती. परत फिरले.

त्यानंतर मी आणखी चार वर्षं त्याच दोघांबरोबर काम केलं. डबा वेगळा केला. भाऊबिजेला मी गावाला जायला लागले. एवढंच. भांडण करून गाडी बंद पडली असती तर नुकसान तांड्यांचं होतं.

त्याच वर्षी मार्गशीर्षात ती बाई एकदा आपली आपण आली. दुखणं सोसेनासं झालं असणार. हवा इतकी गार होती की एसीचं बटणही कुणी दाबलं नव्हतं. ती आत आली, एकेक काच स्वतः लावली, कडी घातली, ओढून पाहिली. मग माझा दंड धरून मला मागच्या वेळी उघडलेल्या खिडकीशी उभं केलं आणि माझा हात कडीवर ठेवला.

"हितंच हुबी ऱ्हाय. हात काढू नको."

"डॉक्टरबाईंना औजारं द्यायची असतात गं."

"त्या घेतील त्यांच्या हातानं."

तपासायला वीस मिनिटं लागली. डॉक्टरबाई स्वतः उठून ओट्याकडे गेल्या, स्वतः चिमटा उचलला, स्वतः कापूस घेतला. त्या बाईचे डोळे सगळा वेळ माझ्या हातावर होते. मी हात काढला नाही.