दुसऱ्या मजल्यावरचा वाद

माणसाची प्रगती होते आहे की अधोगती, या प्रश्नावर आजवर जगात जेवढं बोललं गेलं असेल, त्यापेक्षा जास्त माझ्या बायकोचे मामा एकटे बोलले आहेत, आणि तेही सकाळच्या चहाच्या आत. मामा प्रगतीच्या बाजूचे. उभी नोकरी टेलिफोन खात्यात झालेली. आजोबांनी फोनसाठी अर्ज करावा आणि पहिल्यांदा 'हॅलो' नातवाने म्हणावं, असा तो काळ. त्या काळात खांबांवर चढून तारा ओढलेल्या माणसाला आज लोक सबंध टेलिफोन खातं पायजम्याच्या खिशात घालून फिरताना दिसतात, तेव्हा त्याला खरोखर भरून येतं. लालबागच्या बाजारात कोथिंबीरवालीने पहिल्यांदा मोबाईलवर पैसे घेतले, तेव्हा मामा जागच्या जागी थरारले. त्यांनी तिचा, टोपलीचा आणि स्वतःच्या अंगठ्याचा फोटो काढून ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, "माणूस चंद्रावर गेला त्यापेक्षा ही मोठी गोष्ट आहे." घरी आल्यावर मामींनी विचारलं, "आणि जुडी कुठाय?" जुडी तिथेच राहिली होती.

हा ग्रुप म्हणजे आमच्या सासुरवाडीची जुनी चाळ. परळची ती चाळ पाडून तिथे टॉवर उभा राहिला, काही बिऱ्हाडं वर चढली, काही बदलापूर-पनवेलला गेली, आणि जेवणानंतर गॅलरीत बसणारी मंडळी मोबाईलमध्ये जाऊन बसली. ग्रुपचं नाव 'दुसरा मजला'. मामा आता सतराव्यावर राहतात, पण पत्ता विचारला तर अजून तोंडातून दुसराच निघतो. गॅलरीतला एक जुना रिवाज त्यांनी ग्रुपवरही चालू ठेवला होता. कुणी काही ठोकून दिलं की समोरच्याने फक्त "कशावरून?" एवढंच विचारायचं, आणि पुरावा दिल्याशिवाय बोलणाऱ्याने उठायचं नाही. या रिवाजापायी मामा एकदा पहाटेचं दूध येईपर्यंत गॅलरीत बसले होते म्हणतात. मामी मात्र सांगतात की ते तिथेच झोपले होते.

"कशावरून?" विचारणारा माणूस ठरलेला. मामांचा लहानपणापासूनचा दोस्त, सगळ्या मजल्याचा बाबलकाका, मामांचा बाबल्या. बाबलकाका बसवर कंडक्टर होते आणि माणसाच्या भवितव्याविषयी त्यांचा काडीचाही विश्वास नव्हता. "उभा जन्म 'पुढे चला, पुढे चला' म्हणान वरडलंय," ते म्हणायचे, "येक माणूस पुढे सरकलो नाय. आणि हो म्हणता प्रगती." यावर मामा इतके तापायचे की चष्मा काढून पुसायला लागायचे. एका गणपतीत मंडळाने चलचित्र देखावा करायचं ठरवलं, विषय 'मानवाची वाटचाल'. मामांना तो मानव पुढे जायला हवा होता, बाबलकाकांना मागे. दोघेही हटेनात. शेवटी मोटर बसवणाऱ्याने वैतागून जे केलं त्यात तो पुठ्ठ्याचा मानव मोठ्या उत्साहाने पुढे यायचा, आणि गणपतीपाशी पोचला रे पोचला की तसाच उलट्या पावली गुहेत शिरायचा. देखाव्याला अलोट गर्दी झाली. लोकांना वाटलं, फार खोल अर्थ आहे.

मामांची वाद घालण्याची पद्धत त्यांची त्यांचीच. समोरच्याला वाक्य पुरं करू देणं हा ते वेळेचा अपव्यय मानतात. गॅलरीत हे ठीक होतं, पण ग्रुपवर समोरचा लिहीत असताना नुसतं 'टाइप करत आहे' एवढंच दिसतं, आणि ते दिसलं की मामांना राहवतच नसे. तो काय लिहिणार हे त्यांना आधीच ठाऊक असायचं, त्यामुळे उत्तर प्रश्नाच्या आधी जाऊन बसायचं. एकदा पनवेलचा एक भाडेकरू असाच काहीतरी लिहीत होता. मामांनी झटकन टाकलं, "हे शक्यच नाही. पुरावा द्या." आणि त्याखाली त्या बिचाऱ्याचा मजकूर उमटला, "आज सकाळी आम्हाला मुलगी झाली." ग्रुपची प्रमुख म्हणजे ॲडमिन खुद्द मामी. त्यांनी तिथल्या तिथे मामांना काढून टाकलं. संध्याकाळी मी गेलो तर मामा स्वयंपाकघराच्या दाराशी उभे होते आणि पोळ्या लाटणाऱ्या मामींना म्हणत होते, "घे ना गं आत." मामींनी आधी बारशाला जाऊन माफी मागायची अट घातली, शिवाय निवडणुकीवर आठवडाभर अक्षर न लिहिण्याची. माफी मामांनी मागितली. निवडणुकीवरचा आठवडा त्यांना फार जड गेला.

मग गेल्या थंडीत बाबलकाकांना अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, पण उजवा हात गेला आणि बोलणंही जवळजवळ गेलं. बदलापूरहून त्यांच्या सुनेने सांगितलं की डाव्या हाताने फोन धरता येतो, डॉक्टर म्हणतात वापरायला लावा, पण बाबा धरतच नाहीत. ग्रुप वाचतात आणि फोन उपडा ठेवून भिंतीकडे तोंड करतात. हे ऐकल्यापासून मामा पार उतरले. त्यांनी बाबलकाकांना डिवचायला प्रगतीचे नाही नाही ते पुरावे पाठवले. भुयारातली रेल्वे पाठवली, सतराव्या मजल्यावरून दिसणारा समुद्र पाठवला, स्वतःच्या नव्या दाताचासुद्धा फोटो पाठवला. पलीकडून काही नाही. मला त्यांची दया आली म्हणून मी त्यांच्या मोबाईलमध्ये ते बोलणारं एआय घालून दिलं, म्हटलं वाद तरी घालतील. दोन दिवसांनी त्यांनी मला फोन करून झापलं. "जावईबुवा, हा प्राणी बिनकामाचा आहे. मी म्हटलं माणूस सुधारला, तर म्हणतो अगदी बरोबर. मुद्दाम म्हटलं बिघडला, तर म्हणतो फारच महत्त्वाचा मुद्दा मांडलात. अहो, याला स्वतःचं मतच नाही. बाबल्या असता तर आतापर्यंत माझा बाप काढला असता." एवढं बोलून त्यांनी फोन ठेवून दिला, आणि मामांनी आपणहून फोन ठेवला की मला भीती वाटते.

त्या रविवारी आम्ही दोघं नवराबायको त्यांच्याकडे जेवायला गेलो होतो. मामा खिडकीपाशी बसून बराच वेळ मोबाईलवर काहीतरी लिहीत आणि पुसत होते. शेवटी त्यांनी पाठवलं. आम्हा सगळ्यांच्या फोनवर ते एकदमच आलं. "बाबल्या, तू जिंकलास. माणसाची काही प्रगती झालेली नाही. मी मान्य करतो." मामी हातातला डाव तसाच घेऊन बाहेर आल्या आणि त्यांनी मामांच्या कपाळाला हात लावून ताप आहे का पाहिलं. ग्रुपवर नेहमी कुणी ना कुणी फुलं नाहीतर हात जोडलेलं चित्र टाकतो, पण त्या दिवशी कुणीच काही टाकलं नाही. आणि मग बाबलकाकांच्या नावापुढे उमटलं, 'टाइप करत आहे'. मामांचे ओठ हलायला लागले. उत्तर त्यांच्या अंगठ्यापर्यंत आलेलं मला स्पष्ट दिसत होतं. पण त्यांनी मोबाईल टीपॉयवर ठेवला आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. अक्षरं गेली, परत आली, परत गेली. बायकोने माझा दंड घट्ट पकडला होता. वरण करपल्याचा वास आला तरी मामी जागच्या हलल्या नाहीत. आणि मग पडद्यावर एकच शब्द आला.

"कशावरून"

मामा ताडकन उठले, मला मिठी मारली, मग मामींना मारायला गेले, तर डाव मध्ये आला. "विचारलंन! कशावरून म्हणून विचारलंन!" असं म्हणत ते सतराव्या मजल्याच्या त्या दोन खोल्यांत येरझाऱ्या घालत राहिले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांच्या लक्षात नव्हतं. माझ्या तरी कुठे होतं?

आता पंचाईत अशी झाली आहे की रिवाजाप्रमाणे पुरावा मामांनी द्यायचा, आणि तोही अधोगतीचा. ज्या गोष्टीवर जन्मात विश्वास ठेवला नाही, तिचे पुरावे शोधत ते परळभर फिरतात. फुटपाथ उखडलेला दिसला की त्यांना आनंद होतो. मला ऑफिसात फोन येतो, "जावईबुवा, जग बिघडल्याचं एखादं ताजं उदाहरण द्या लवकर." ते ग्रुपवर पोचलं की बदलापूरहून डाव्या अंगठ्याने ते खोडून काढलं जातं. त्या हट्टाने बाबलकाका प्रगतीची बाजू लढवू लागले आहेत. त्यांची सून म्हणते, सकाळी चष्मा आधी मागतात, चहा नंतर.

त्यांचं एक वाक्य यायला आता फार वेळ लागतो. अर्ध्या वाटेत हात थकतो, शब्द सुचत नाही, सगळं पुसून पुन्हा सुरुवात होते. परवा मी गेलो तेव्हा दिवेलागण झाली होती आणि मामा दिवा न लावताच खिडकीपाशी बसले होते. मांडीवरच्या मोबाईलचा उजेड तेवढा तोंडावर. मामींनी आतून जेवायला हाक मारली, मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तर त्यांनी नुसता हात वर केला.

"थांबा जरा," मामा हळूच म्हणाले, "बाबल्या बोलतोय."